शेजारच्या सीटचं वजन

बाबा भर दुपारी उन्हातून चालत वर्कशॉपमध्ये आले, माझ्या टेबलावर गाडीची किल्ली ठेवली आणि म्हणाले, "पुलावर उभी आहे. घेऊन ये." मी विचारलं, "बंद पडली का?" तर म्हणाले, "बंद पडायला काय धाड भरलीय तिला? मीच ठेवून आलो." मग पेलाभर पाणी प्यायले आणि आतल्या खोलीतल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मोठ्या पुलाच्या ऐन मध्यावर, मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असताना, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने आपली गाडी कठड्याला लावली, दार नीट कुलूपबंद केलं आणि दोन-अडीच किलोमीटर चालत आला. वाटेत मला फोनही केला नाही. मी हातातला पाना खाली ठेवला. त्यांच्यावर रागवावं की त्यांच्या शेजारी जाऊन बसावं, मला कळेना, आणि असं कळेनासं झालं की मी नेहमी जे करतो तेच केलं, किल्ली खिशात टाकून कामाला निघालो.

टॅक्सीत बसतोय तोवर ताईचा फोन. तिच्या ओळखीच्या कुणीतरी पुलावर गाडी पाहिली होती. तसली गाडी या शहरात एकच आहे, तिला लपून राहायची सोय नाही. "आता बास," ताई म्हणाली. "रविवारी मी येते आणि गाडी घेऊन जाते. घेणारा माणूस तयार आहे. तू फक्त मध्ये पडू नकोस." मी म्हणालो, "अगं, त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय?" ताई कठोर नाही. ती घाबरते, आणि घाबरली की हुकूम सोडते. "उद्या कुणाच्या अंगावर घातली तर? आणि गाडीत काही दोष नाही असं तूच म्हणालास ना?" हे खरं होतं. मीच म्हणालो होतो, एकदा नाही, तीनदा. गाडी निर्दोष असं मी म्हटलं की दोष कुणाच्या गळ्यात पडतो हे मला चांगलं कळत होतं, तरी मी म्हणालो होतो, कारण चाकांचे कोन मोजणाऱ्या मशीनवरचे आकडे तसेच होते आणि आकड्यांपुढे मी कधी बोलत नाही. मी ताईला "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला.

चार महिन्यांपासून हे चाललं होतं. आधी बाबा म्हणाले, गाडी जरा सैल लागते. मग म्हणाले, ऐकते, पण उशिरा ऐकते. मग एकदा जेवताना, मान वर न करता म्हणाले, ती मला सोडते. आमच्या धंद्यात असली वाक्यं रोज ऐकावी लागतात. स्टीअरिंगची तक्रार घेऊन आलेला माणूस कधी धड काही सांगत नाही, नुसते हवेत हात हलवतो. त्या हातवाऱ्यांचं मिलिमीटरमध्ये भाषांतर करायचं, हाच आपला धंदा, असं मला शिकवताना बाबाच म्हणायचे. म्हणून मी ओळीने सगळं केलं. टायरमधली हवा पाहिली. पुढची चाकं आपसात बदलली. चाक वर उचलून, दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आडवं हलवून एकेक सांधा तपासला, स्टीअरिंगचे जोड पाहिले. कुठे केसभर खेळ नाही. तीनदा मशीनवर घेतली. चाकं किती आत वळलीत, किती झुकलीत, सगळं बरोब्बर. आणि दर वेळी बाबांना शेजारी बसवून मी ती चालवून पाहिली, कारण बाबा सोबत नसतील तर ती गाडी फाटकाबाहेर जायची नाही, हा आमच्या घरातला कायदा. सुतासारखी सरळ जायची. ताईसुद्धा एकदा त्यांच्या शेजारी बसून आली, डोळ्यांत तेल घालून बघत होती म्हणे. तेव्हाही काही नाही. मग तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डोळे, कान, हातांची पकड. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने छान आहे. त्या 'वयाच्या मानाने'नंतर बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, ते खिडकीशी उभे राहून आपले हात उलटसुलट करून बघत होते. मी पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्या दार लावण्याची मला अजून लाज वाटते.

गाडी ठेंगणी आहे, रस्त्याला चिकटून चालते, आणि आईने तिचं नाव ठेंगणीच ठेवलं होतं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बाबांनी ती भंगारात घेतली तेव्हा तिला धड दारंही नव्हती. दोन सीटची स्पोर्ट्स कार, मागे सामानालाही जागा नाही, मग पोरांना कुठली असायला? सुटीच्या दिवशी संध्याकाळी आई केसांना रुमाल बांधायची, आम्हाला शेजारणीच्या हवाली करायची, आणि दोघं फिरायला जायचे. ताई आणि मी फाटकाच्या गजांना धरून बघत राहायचो. मला त्या गाडीचा इतका राग होता की एकदा मी तिच्या पुढच्या दिव्यावर चिखल फासला. बाबांनी मारलं नाही, एक फडकं माझ्या हातात दिलं. पुसता पुसता मी त्यांना विचारलं, तुम्ही दोघंच का जाता? ते म्हणाले, "ती तेवढीच आहे रे." गाडीबद्दल म्हणाले की आणखी कशाबद्दल, हे मला तेव्हा कळलं नाही, आताही खात्रीने सांगता येणार नाही. टॅक्सी सिग्नलवर थांबली होती आणि मी काचेतून कुणाकुणाच्या गाड्यांची चाकं बघत होतो. ही सवय वाईट आहे, माणसं दिसतच नाहीत, त्यांची झिजलेली टायरं दिसतात.

आणि त्या पिशव्या. माणूस बसला की गाडी दबते, आणि गाडी इतकी हलकी असली की तेवढ्यानेही चाकांचे कोन हलतात. म्हणून ठेंगणीचं अलाइनमेंट करताना, म्हणजे ते कोन जुळवताना, बाबा सीटवर वाळूच्या कॅनव्हासच्या पिशव्या ठेवायचे, बसणाऱ्याच्या वजनाइतक्या, अगदी किलोवर. एक त्यांची, एक आईची. त्यासाठी त्यांनी आईला वर्कशॉपमधल्या सामानाच्या काट्यावर उभं केलं होतं. मी सात-आठ वर्षांचा असेन. "अहो, मी काय गिअरबॉक्स आहे?" आई म्हणाली, पण चढली. काटा चोपन्नवर थांबला. "चपला धरून," आई म्हणाली. "चपला घालूनच बसतेस ना गाडीत," बाबा म्हणाले, आणि लाल रंगाने पिशवीवर चोपन्न लिहिलं. "माझं वजन गावाला दाखवायला रंगवून ठेवताय!" म्हणून आई रुसली, आणि रुसलेली असतानाच हसली. मी मोठा झालो, मशीन आलं, पण पिशव्या राहिल्या. ठेंगणी आत आली की आधी पिशव्या, मग मशीन. हात आपोआप जातात.

पुलावर एक वाहतूक पोलिस गाडीशेजारी पाय फाकून उभा होता. "ही खेळण्यातली गाडी तुमची का? म्हातारेबुवा कुठायत? मी हाक मारतोय, ते आपले चाललेत." मी माफी मागितली, वडील आहेत म्हणालो, बरं वाटत नव्हतं त्यांना म्हणालो. तो निवळला. "माझेही असेच आहेत," तो म्हणाला आणि माझ्यासाठी गाड्या थांबवून धरल्या. मी आत बसलो. सीट बाबांच्या बेताने पुढे ओढलेली होती, ती मागे घेतली, आरसा फिरवला, आणि निघालो. तीस, चाळीस, पन्नास. पुलाच्या उतारावर जिथे दोन भाग जोडतात ती लोखंडी पट्टी चाकांखालून गेली, आणि हातातलं स्टीअरिंग क्षणभर पोकळ झालं. दुसरा शब्द नाही. मी धरलं होतं, आणि पलीकडे कुणी नव्हतं. मागून कुणी सदरा ओढावा तशी गाडी कडेला सरकली, मी सावरली, ती उशिरा ऐकली. पुढच्या पट्टीवर पुन्हा तेच. आणि काय सांगू, मला आनंद झाला. मी गाडीत एकटाच मोठ्याने हसलो. गाडीत बिघाड आहे म्हणून इतका आनंद झालेला मेकॅनिक दुसरा कुणी नसेल. बाबा खरं बोलत होते. चार महिने खरं बोलत होते, आणि आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेत होतो. पूल उतरेपर्यंत माझं हसणं कधी थांबलं आणि डोळे कधी भरले ते समजलं नाही. पुढचं नीट दिसेना म्हणून मी वेग कमी केला.

वर्कशॉपमध्ये आलो तेव्हा बाबा तसेच भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना उठवावं असं वाटलं, पण म्हटलं, आता आकडा हातात घेऊनच उठवू. ठेंगणीला मशीनवर चढवलं. पिशव्या ठेवल्या. मोजलं. सगळं बरोबर! मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा बरोबर. मी मशीनला शिवी हासडली, मग स्वतःला, मग पुलाला. हाताला जे कळलं होतं ते मशीनला का कळत नाही? मी गाडीच्या दारात वाकून उभा राहिलो, शेजारच्या सीटवरच्या पिशवीवर हात टेकून, आणि तिथे माझा हात कशावर आहे हे मला दिसलं. पुलावरून येताना ही जागा रिकामी होती. जन्मात पहिल्यांदा मी या गाडीत एकटा बसलो होतो. बाबा रोजच एकटे बसत होते.

मी पिशवी कवेत घेऊन बाहेर काढली आणि पुन्हा मोजलं. त्या बाजूचं मागचं चाक बाहेर फिरलं होतं. खाली शिरून बघितलं तर मागच्या चाकाच्या दांड्याचं रबर आतून फाटलेलं. आम्ही त्याला बुश म्हणतो. चाक आणि गाडी यांच्यामधली ती रबरी गादी. बाहेरून धडधाकट दिसत होतं. चाक हवेत लटकवलं की ते पिळून घट्ट व्हायचं, आणि शेजारच्या सीटवरही वजन पडलं की दाबून जागेवर बसायचं. या दोन्हींच्या मधल्या उंचीवरच ते मोकळं सुटायचं, म्हणजे गाडीत एकच माणूस असेल तेव्हा. बाबा आणि मी बसलो की ते गप्प. ताई बसली की गप्प. तक्रार पुढच्या चाकांची वाटत होती आणि दुखणं मागे होतं, हेही एक झालंच, पण तो बहाणा झाला. खरं हे, की तीनदा मी स्वतःच्या हाताने चोपन्न किलो वाळू ठेवून तो दोष झाकला होता. आईला जाऊन दोन वर्षं झालीत. तिच्या कपड्यांचं कपाट मीच रिकामं केलं, तिचा चष्मा मी पेटीत ठेवला, तिचं नाव कागदोपत्री जिथे जिथे होतं तिथून मीच काढलं. आणि तरी दर वेळी मी तिची पिशवी उचलून तिच्या जागेवर ठेवत होतो, आणि एकदाही हात थबकला नाही.

पिशवी जमिनीवर आडवी पडली होती आणि तिची खालची बाजू वर आली होती. ती बाजू मी कधी पाहिली नव्हती. तिथे लाल रंगात आकडे होते, एकाखाली एक, वरचे खोडलेले. चोपन्न. एक्कावन्न. सत्तेचाळीस. बेचाळीस. मी उकिडवा बसून ते वाचत राहिलो, आणि हळूहळू त्या आकड्यांचे दिवस आठवायला लागले. आईचं आजारपण वर्षभर चाललं. दर पंधरा दिवसांनी हॉस्पिटल. मी म्हणायचो, माझ्या मोठ्या गाडीतून नेऊ, तिला पाय पसरता येतील. पण तिला ठेंगणीच हवी असायची, आणि बाबाच. हॉस्पिटलला जायच्या आदल्या दिवशी बाबा इथे यायचे आणि वाळू काढत बसायचे, पिशवी काट्यावर ठेव, थोडी काढ, पुन्हा ठेव. मला वाटायचं डोकं फिरलंय त्यांचं. एकदा तर मी ओरडलो, "आई घरी तळमळतेय आणि तुम्ही वाळूशी काय खेळताय?" ते वाळू काढत राहिले. ती हलकी होत चालली होती तशी गाडी तिच्या मापाची करत होते ते. रस्त्यातला एक धक्का तिला जास्त बसू नये, एक झोक जाऊ नये म्हणून. बेचाळीसच्या खाली आणखी एक आकडा होता. त्याचा रंग नवा होता आणि तो खोडलेला नव्हता. चोपन्न. ती गेल्यावर त्यांनी पिशवी पुन्हा भरली होती.

"सापडलं का?" बाबा आतल्या दारात उभे होते. केस विस्कटलेले, शर्टाला बाकाच्या फळीची घडी पडलेली.

"सापडलं. मागचं बुश फाटलंय. दोष गाडीत होता, बाबा."

ते पुढे आले आणि खांबाला धरून उभे राहिले. "म्हणजे हात ठीक आहेत माझे?"

"ठणठणीत आहेत. दुसरा कुणी असता तर पहिल्याच आठवड्यात कठड्यावर घातली असती. आज मीच घालणार होतो."

"मला वाटलं, हातच गेले," ते म्हणाले. "आज पुलावर वाटलं, आपण उतरलेलं बरं. कुणाला लागायला नको." एवढं बोलून त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि तो तसाच ठेवला. मी त्यांच्याजवळ गेलो. आमच्या घरात मिठ्या मारायची रीत नाही. मी त्यांच्या शर्टाची घडी सरळ केली. मग त्यांची नजर जमिनीवरच्या पिशवीकडे गेली, आणि मी ती पाहिलीय हेही त्यांना दिसलं.

"तुमच्या लक्षात आलं होतं का?" मी विचारलं. "ही असली की दोष दिसत नाही म्हणून?"

"मनात आलं होतं. दुसऱ्यांदा तू मशीनवर घेतलीस तेव्हा. खात्री नव्हती."

"मग बोलला का नाहीत? ताई रविवारी गाडी न्यायला निघाली होती!"

"बोललो असतो तर तू पिशवी काढली असतीस."

मी पिशवी ओढून भिंतीशी टेकवली. मग मी बाहेर जाऊन ताईला फोन लावला आणि सांगितलं, दोष गाडीत होता, मी चुकलो होतो. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "मी काय काय बोलले रे त्यांना," ती म्हणाली. "रविवारी येते. नुसतीच येते."

नवं बुश बसवायला तासभर लागला. बाबांनी बॅटरी धरली; कुठे उजेड हवा ते त्यांना सांगावं लागत नाही. हात पुसता पुसता मी म्हणालो, "रबर आता हलणार नाही. पण सेटिंगला कुणाचं तरी वजन धरावं लागेल, बाबा. दोघांचं करू की..." 'फक्त तुमचं' म्हणणार होतो. ते गाडीच्या टपावरून हात फिरवत एक फेरी मारून आले. शेजारच्या दारापाशी जरा रेंगाळले.

"एकट्याचं कर," ते म्हणाले.

"वजन किती धरू?"

"अठ्ठ्याहत्तर. लिहिलंय की पिशवीवर."

"ते कधीचं आहे? चढा काट्यावर."

"अरे, माझं मला माहीत आहे."

"चढा."

ते कुरकुरत चढले. काटा डुलत डुलत एकसष्टवर थांबला. मी तो आकडा दोनदा वाचला. बाबा म्हणाले, "काटा बिघडलाय." मी म्हणालो, "परवाच तपासून आणलाय." सतरा किलो. माणूस माझ्या डोळ्यांदेखत सतरा किलो गेला होता, आणि मी त्याच्या गाडीची चाकं मोजत होतो. जेवायला आम्ही रोज समोरासमोर बसतो. मी त्यांची पिशवी ओढली, तोंडाची दोरी सोडली आणि पत्र्याच्या डब्याने वाळू काढायला लागलो. बाबा काट्यावरून उतरून समोर बसले आणि त्यांनी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं. एक डबा, दोन डबे, तीन. पिशवी त्यांच्या हातात बसत चालली. चौथा डबा भरताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"एवढी नको काढूस," ते म्हणाले. "थोडी राहू दे. मी जेवीन नीट."